साधं की प्रीमियम? आधी आकडा सांगा

यंदा सोसायटीच्या गणपतीत विसर्जनाच्या आदल्या रात्री आरती झाली, खिरापत वाटून झाली आणि मंडपातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नेहमीप्रमाणे गाड्यांचा विषय निघाला. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग गाडीत जातो, तोही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. त्यामुळे आमच्याकडे राजकारणापेक्षा ॲव्हरेजवर जास्त भांडणं होतात. बी विंगमधला एक तरुण म्हणाला, "मी प्रीमियमशिवाय टाकतच नाही. लिटरमागे दोन किलोमीटर तरी वाढलेत, आणि पिकअपचं तर विचारूच नका." बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी लगेच उडवून लावलं, "अरे, सगळं एकाच टाकीतून येतं. थोडा रंग घालतात आणि आठ रुपये उकळतात." तिसऱ्याचं तिसरंच. इथेनॉलनं ॲव्हरेज पाडलं, म्हणून तो ९५ ऑक्टेनवर गेला होता. तासभर आवाज चढत राहिले. पण तुझं इंजिन कोणतं, ॲव्हरेज मोजलंस कसं आणि ज्याचे जास्त पैसे देतोस ती वस्तू नेमकी काय आहे, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

मला या वादातल्या दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. प्रीमियम, म्हणजेच ब्रँडेड पेट्रोल ही निव्वळ फसवणूक आहे हे खरं नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या साध्या गाड्यांमध्ये ते स्वतःची जादा किंमत भरून निघेल इतकं ॲव्हरेज वाढवतं, हेही खरं नाही. त्या पेट्रोलात जे खरोखर उपयोगाचं आहे, ते प्रत्येक साध्या नोझलमधून मिळायला हवं. जे फक्त काही इंजिनांच्या कामाचं आहे, त्याचा आकडा पाटीवर ठळक लिहायला हवा. आपण भांडायचं असेल तर यासाठी भांडावं. पण "पॉवर", "स्पीड", "एक्स्ट्रा" असली नावं २००२ च्या सुमारास पंपांवर आली, तेव्हापासून आपण नावावरच भांडतोय.

या नावांच्या मागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोळ तिथेच सुरू होतो. एक ऑक्टेन, दुसरी ॲडिटिव्ह, म्हणजे इंजिन साफ ठेवायला मिसळलेली रसायनं. काही ब्रँडेड पेट्रोलांत ऑक्टेन जास्त असतं, काहींत ते साध्याइतकंच असून फक्त ॲडिटिव्ह मिसळलेलं असतं, काहींत दोन्ही. पाटीवर मात्र एक झोकदार नाव आणि धावणाऱ्या गाडीचं चित्र.

ऑक्टेनबद्दलचा गैरसमज सगळ्यात जुना. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल जास्त "ताकदवान", असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ऑक्टेनचा आकडा पेट्रोलचा धीर मोजतो. इंजिनात पिस्टन हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, प्लगची ठिणगी पडते आणि आग पसरत जाते. दाब आणि उष्णता फार वाढली तर ही आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेट घेतं, आणि पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. जुनी फियाट चौथ्या गिअरमध्येच घाटात घातलेल्यांनी तो ऐकलेला आहे. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. आयसो-ऑक्टेन हे रसायन असं अवेळी पेटायला फारसं तयार नसतं, त्याला १०० गुण दिले. हेप्टेन लगेच पेटतं, त्याला शून्य. या दोन टोकांमध्ये आपलं पेट्रोल कुठे बसतं, एवढंच तो आकडा सांगतो. ज्या इंजिनात दाब इतका होतच नाही, तिथे जादा धीर नुसता पडून राहणार. मानपाड्याहून कापूरबावडीपर्यंत सरकत जाणाऱ्या हॅचबॅकला १०० ऑक्टेन पाजणं म्हणजे भाजी आणायला निघालेल्या माणसाला गिर्यारोहणाचे बूट घालण्यासारखं आहे. बूट उत्तमच असतात, पण भाजी काही लवकर येत नाही.

इथेच तिसऱ्या गृहस्थांचा तर्क उलटा पडतो. इथेनॉलचं ऑक्टेन शंभराच्याही वर असतं, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच. म्हणून वीस टक्के इथेनॉल मिसळलं की ऑक्टेन चढतं आणि ऊर्जा उतरते. पेट्रोलियम मंत्रालयानंच २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात सांगितलं की आपल्याकडचं साधं पेट्रोल पूर्वी ८८ ऑक्टेनचं होतं, बीएस-६ या प्रदूषणाच्या मानकासाठी ते ९१ झालं आणि वीस टक्के इथेनॉलनं ९५ वर गेलं. आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे, जुन्या बिनइथेनॉल पेट्रोलसाठी आखलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटू शकतं. ज्या गाड्या दहा टक्क्यांसाठी बनवून वीस टक्क्यांसाठी जुळवल्या आहेत, त्यांचं एक-दोन टक्क्यांनी. ही दोन विधानं शेजारी ठेवून बघा. आकडा चढला आणि ॲव्हरेज उतरलं, ते एकाच पेट्रोलात. तर मग ऑक्टेन वाढलं की ॲव्हरेज वाढतं, हा हिशेब आला कुठून? इथेनॉलवर राग असेल तर असू द्या, मलाही जुन्या गाडीवाल्यांची बाजू पटते. पण त्या रागावर ९५ ऑक्टेनची मात्रा लागू पडत नाही. शिवाय ज्या ९५ साठी काल जादा पैसे मोजत होतो, तो आकडा आता साध्या नोझलनंही गाठलाय.

आता विरोधी बाजूचा पहिला भक्कम मुद्दा मान्य करतो. अलीकडची छोटी टर्बो इंजिनं, डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं, जास्त दाबाच्या स्पोर्ट बाइक यांना जादा ऑक्टेनचा खरोखर उपयोग होऊ शकतो. या इंजिनांमध्ये नॉकिंग ऐकणारा सेन्सर असतो. पेट्रोल कमी धीराचं निघालं की तो ठिणगीची वेळ मागे ढकलतो. इंजिन वाचतं, पण थोडी ताकद आणि थोडं ॲव्हरेज जातं. जास्त ऑक्टेन मिळालं की ही माघार घ्यावी लागत नाही. म्हणजे बी विंगमधला तो तरुण, त्याच्या टर्बो गाडीपुरता, सपशेल चूक नव्हता. पण किती बरोबर होता? अमेरिकेत वाहनचालकांची ट्रिपल ए नावाची मोठी संघटना आहे. तिनं २०१७ मध्ये प्रीमियम पेट्रोलची "शिफारस" असलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा ॲव्हरेज सरासरी २.७ टक्क्यांनी आणि ताकद १.४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आदल्या वर्षी साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून बघितलं होतं, तर ना ताकद वाढली, ना ॲव्हरेज.

आता आपला हिशेब करू. समजा साधं १०४ रुपये आणि ब्रँडेड ११२. म्हणजे पावणेआठ टक्के जादा. लिटरला चौदा किलोमीटर देणाऱ्या गाडीनं नुसती बरोबरी साधायची तरी तिला पंधराच्या वर जायला हवं. आणि वाढ धरली २.७ टक्के, तर ती जेमतेम चौदा पूर्णांक चारवर पोचते. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालवणारा माणूस वर्षाला सहा हजार आठशेच्या आसपास जादा मोजतो. १०० ऑक्टेनची गोष्ट तर याहून मजेची. इंडियन ऑइलनं १ डिसेंबर २०२० ला एक्सपी १०० बाजारात आणलं तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता आणि साधं पेट्रोल ८२-८३ रुपयांना मिळत होतं. पैसे वसूल व्हायचे तर चौदाचं ॲव्हरेज सत्तावीसला जायला हवं! ज्याच्याकडे तसल्या इंजिनाची गाडी आहे तो असला हिशेब करत नाही, हे मला कळतं. हौसेला मोल नसतं. पण हौस आहे असं सांगावं, बचत म्हणू नये.

"पण मला फरक जाणवला ना!" हा यापुढचा मुद्दा, आणि त्याला हसण्यावारी नेणं बरोबर नाही. मलाही जाणवला होता. माझी बाराशे सीसीची, टर्बो नसलेली गाडी आहे. माजिवड्याहून कळवा, विटाव्याचा तो पुलाखालचा खड्डा, मग ठाणे-बेलापूर रोडनं वाशी, असं येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर रोजचं. ब्रँडेड टाकल्यावर पहिल्या दिवशी गाडी खरंच लोण्यासारखी वाटली. म्हणून डॅशबोर्डमध्ये एक छोटी वही ठेवली. पंप एकच, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की तिथेच थांबायचं, पंपावरचा मुलगा "राउंड फिगर करू का?" म्हणाला तरी नको म्हणायचं. एक टाकी साध्याची, एक ब्रँडेडची, अशा आठ टाक्या. साध्याचे आकडे आले १३.२, १४.५, १३.६, १४.१. ब्रँडेडचे १३.५, १४.२, १३.९, १४.०. सरासरीतला फरक लिटरमागे पन्नास मीटरचा. तेवढं तर आमच्या सोसायटीच्या गेटपासून माझ्या पार्किंगपर्यंतचं अंतर आहे. आठ टाक्यांनी विज्ञान सिद्ध होत नाही, हे मान्य. पण एक गोष्ट त्या वहीत स्पष्ट दिसते: एकाच पेट्रोलच्या दोन टाक्यांमध्ये लिटरमागे सव्वा किलोमीटरहून जास्त फरक पडलाय. एखाद्या आठवड्यात गायमुखला कंटेनर बंद पडला, एखाद्या आठवड्यात विटाव्याला पाणी भरलं, एकदा टायरमधली हवा महिनाभर बघितलीच नव्हती. इतक्या गोंगाटात दोन टक्क्यांची कुजबुज कोणाच्या कानाला ऐकू येणार? त्याच वहीत दिवाळीच्या सुट्टीतला एक आकडा आहे, १६.३. पेट्रोल साधंच होतं. रस्ता रिकामा होता.

लोण्यासारखी वाटली त्याचं काय? माणूस आठ रुपये जादा मोजून बाहेर पडला की गाडीचा आवाज लक्ष देऊन ऐकतो, पाय जरा हलका ठेवतो. मी तरी ठेवला होता. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना कित्येक वर्षं घसा फोडून सांगते की ताशी ४५ ते ५५ च्या वेगात गाडी चालवा, सिग्नलला इंजिन बंद करा, हवा वेळेवर तपासा. हे ऐकायला पैसे पडत नाहीत, म्हणून बहुधा कोणी ऐकत नाही.

आता दुसरा मुद्दा, ॲडिटिव्हचा. काका इथे चुकले. "थोडा रंग घालतात" हे खरं नाही. या पेट्रोलांत डिटर्जंट जातीची रसायनं असतात आणि ती काम करतात. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात मेकॅनिकनं मला दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी ठेवून दाखवले होते. दोन्ही इनटेकचे, म्हणजे इंजिनात हवा आत सोडणारे, दोन वेगवेगळ्या गाड्यांचे. एक राखाडी, जवळपास स्वच्छ. दुसऱ्याच्या देठावर आणि मानेभोवती दूध करपलेल्या पातेल्याच्या तळासारखा काळा, फुगीर थर. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं खरवडला तर खपली निघाली, पावडर नाही. "हा थर पेट्रोल पितो साहेब," तो म्हणाला, "गाडी थंड असताना स्टार्टिंगला त्रास देते ती यानं." ट्रिपल एनं २०१६ मध्ये डिटर्जंटचा प्रमाणित दर्जा पाळणारी आणि न पाळणारी पेट्रोलं तपासली, तेव्हा साधारण साडेसहा हजार किलोमीटरच्या चालीनंतर दुसऱ्या गटात एकोणीस पट जास्त काजळी साठलेली निघाली. थर वाढला की ॲव्हरेज दोन ते चार टक्क्यांनी पडू शकतं, असंही त्या संघटनेनं सांगितलं.

मग ब्रँडेडवाले जिंकले? थांबा. त्या चाचणीत "प्रीमियम विरुद्ध साधं" अशी तुलना नव्हतीच. बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी २००४ मध्ये "टॉप टिअर" नावाचा डिटर्जंटचा दर्जा ठरवला. त्याची अट अशी, की ज्या कंपनीला तो बिल्ला हवा तिनं आपल्या सगळ्या प्रतींच्या पेट्रोलात, सगळ्यात स्वस्त प्रतीतही, तेवढं डिटर्जंट घातलंच पाहिजे. तुलना त्या बिल्ल्याची होती. आणि बिल्ला असलेल्या-नसलेल्या पेट्रोलच्या भावात फरक सापडला तो गॅलनमागे सरासरी तीन सेंट. पावणेचार लिटरला तीन सेंट! अमेरिकी सरकारनं तर १९९५ पासून प्रत्येक पेट्रोलात काजळी रोखणारं किमान ॲडिटिव्ह सक्तीचंच केलं. म्हणजे ज्या गोष्टीच्या जोरावर आपल्याकडे लिटरला सात-आठ रुपये जादा मागितले जातात, ती तिकडे मिठातल्या आयोडीनसारखी झालीय. आपल्याकडेही एकेकाळी आयोडीनयुक्त मीठ खास पुडीत, खास नावानं यायचं; २००६ पासून आयोडीन नसलेलं खाण्याचं मीठ विकायलाच बंदी आहे. गलगंड टाळणं ही ज्याच्या-त्याच्या ऐपतीची बाब आहे, असं आपण म्हणालो नाही. इंजिनाची काजळी गलगंडाइतकी गंभीर नाही, कबूल. पण काजळी धरलेलं इंजिन धूरही जास्त सोडतं, आणि तो धूर तीन हात नाक्यावर बसची वाट बघणाऱ्याच्या छातीत जातो. त्याची गाडी नाही, त्याला नोझल निवडायची सोयही नाही.

जाहिरातीतलं प्रत्येक वाक्य खरं असूनही माणूस कसा फसतो, याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. १९६० च्या दशकात शेलनं अमेरिकेत "प्लॅटफॉर्मेट" नावाच्या घटकाची जाहिरात केली. सारख्या गाड्या, सारखं मोजून घातलेलं पेट्रोल; एका पेट्रोलात प्लॅटफॉर्मेट, दुसऱ्यात नाही. प्लॅटफॉर्मेटवाली गाडी दुसरीला मागे टाकून पुढे उभा केलेला कागदी पडदा फाडत जायची. एक शब्दही खोटा नव्हता. फक्त त्या जातीचा घटक त्या काळी जवळपास प्रत्येक कंपनीच्या पेट्रोलात असायचाच. हरलेल्या गाडीत जे पेट्रोल घातलं होतं, तसं बाजारात जवळजवळ कोणीच विकत नव्हतं. आपल्या पंपावरच्या फलकावर "जास्त ॲव्हरेज" असं वाचाल तेव्हा विचारा, कशापेक्षा जास्त? कोणत्या इंजिनात? नव्या की काजळी धरलेल्या? पुढे १९९७ मध्ये एक्सॉनला अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली आणि बहुतेक गाड्यांना साधं ऑक्टेन पुरतं, असं सांगणारी जाहिरात स्वतःच्या खर्चानं करावी लागली. आपल्याकडे असं काही घडल्याचं आठवतंय का?

मला वाटतं, आपल्याकडची माणसं ब्रँडेड टाकतात ती ॲव्हरेजसाठी कमी आणि भीतीपोटी जास्त. तिला कारण आहे. रॉकेलच्या भेसळीचा काळ फार जुना झालेला नाही. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ भेसळखोरांनी जिवंत जाळलं. या राज्यातला कोणताही वाहनचालक ते विसरलेला नसावा. २०१७ मध्ये आपल्या ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेनं राज्यभरातल्या पंपांवर छापे घातले आणि यंत्रांत फेरफार करून कमी पेट्रोल सोडण्याचं प्रकरण बाहेर काढलं. "मापात पाप" हा शब्दप्रयोग तेव्हा रोज छापून येत होता. अशा बाजारात माणूस म्हणतो, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, माल चोख मिळू दे. हे शहाणपणाचंच आहे. पण जरा पुढे जाऊन बघू. ब्रँडेडचं नोझल त्याच पंपावर, त्याच मालकाच्या देखरेखीखाली, कित्येकदा त्याच यंत्राच्या दुसऱ्या बाजूला असतं. ज्याला साध्या नोझलचं माप मारायचंय त्याचा हात महाग नोझलपाशी येऊन थरथरेल, असं मानायला आधार काय? उलट महाग लिटरमध्ये मारलेलं माप जास्त पैसे देतं. यावर उपाय पंपावरच असतो: पाच लिटरचं प्रमाणित माप मागून तपासून घ्यायचा आपल्याला हक्क आहे. त्यात चूक चालते ती पंचवीस मिलिलिटरपर्यंतच. वैधमापनवाल्यांचा शिक्का त्यावर असतो. मी आजवर एकदाच मागितलं. मागच्या रांगेनं इतके हॉर्न वाजवले की माप बरोबर निघाल्याचा आनंदही घेता आला नाही.

आणखी एक आक्षेप येतो, आणि तो सगळ्यात सभ्य असतो: घेणारा स्वखुशीनं घेतो, तुमचं काय जातं? निवड असू द्या ना. तत्त्व म्हणून मान्य. पण निवड करायला माहिती लागते. एका पंपावर, नाव नको, मला दोनदा न विचारता ब्रँडेड भरलं गेलं आणि एकदा "साधं संपलंय" असं सांगितलं गेलं, मागची स्कूटर साधं भरून जात असताना. हिला निवड म्हणायचं? त्यात ठाणे, नवी मुंबईकरांना आणखी एक टोचणी. आपल्याकडे पेट्रोलवरचा व्हॅट टक्केवारीनं लागतो, २०२४ च्या जुलैपासून २५ टक्के आणि वर लिटरमागे ठरावीक रक्कम. म्हणजे जादा मोजलेल्या रुपयांवरही तो चढतो. केंद्राचं उत्पादन शुल्कही ब्रँडेडवर लिटरमागे एक रुपयाहून थोडं जास्त आहे. इंजिन साफ ठेवायला दिलेले सगळे पैसे इंजिनापर्यंत पोचत नाहीत.

कराच्याच निमित्तानं आपल्या देशात एक प्रयोग नकळत होऊन गेला. मध्यंतरी काही वर्षं सरकारी मदत फक्त साध्या इंधनाला होती आणि ब्रँडेडवर शुल्क कितीतरी जास्त. भावातलं अंतर इतकं वाढलं की ब्रँडेडचा खप जवळपास बसलाच. जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी ब्रँडेड पेट्रोलवरचं शुल्क लिटरला साडेसात रुपयांवरून २ रुपये ३५ पैशांवर आणलं, मग ते पुन्हा पंपांवर दिसू लागलं. त्या मधल्या वर्षांत ज्यांनी आधी नेमानं ब्रँडेड भरलं होतं, ते सगळे साध्यावर आले. त्यांच्या गाड्या बंद पडल्या का? गॅरेजांबाहेर रांगा लागल्या का? मी त्या काळात रोज गाडी चालवत होतो. ॲव्हरेजवरून हळहळणारा माणूस मला भेटला नाही. भावावरून हळहळणारे मात्र पुष्कळ.

आणि इतिहासाकडे बघितलं तर पेट्रोल खरोखर सुधारलं ते साध्या नोझलमधून. अमेरिकेत १९२१ मध्ये थॉमस मिजलीनं शिशाचं एक संयुग पेट्रोलात घातलं की नॉकिंग थांबतं हे शोधलं. १९२३ पासून ते "एथिल" या गोड नावानं, थोडे जास्त पैसे घेऊन विकलं जाऊ लागलं. नावात शिसं कुठेच नव्हतं. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते हाताळणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरी ते नाव जगभर पसरलं. अल्कोहोलनंही नॉकिंग थांबतं हे त्याच प्रयोगशाळेला माहीत होतं, पण अल्कोहोलचं पेटंट कसं घेणार? शंभर वर्षांनी तेच अल्कोहोल इथेनॉल म्हणून आपल्या टाकीत आलंय, आणि आपण त्यावर भांडतोय, असो. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं तेव्हा तेही वेगळ्या नोझलचं, नव्या गाड्यांपुरतं खास प्रकरण होतं. ते खासच राहिलं असतं तर? तसं झालं नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरच्या पेट्रोलातून शिसं गेलं, रिक्षाच्याही आणि मर्सिडीजच्याही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि गंधकाचं प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० वर उतरलं. त्याला कोणी "सुपर क्लीन" म्हटलं नाही, कोणी पळणाऱ्या चित्त्याचं चित्र लावलं नाही. सगळ्यांच्या टाकीत गुपचूप चांगलं पेट्रोल आलं. एवढं करता येतं, तर पुरेसं डिटर्जंट प्रत्येक लिटरात सक्तीचं करायला अडचण कसली?

उरतो ऑक्टेनचा प्रश्न, आणि त्याला फक्त एक चौकोनी पट्टी लागते. अमेरिकेत १९७९ पासून प्रत्येक नोझलपाशी ऑक्टेनचा आकडा पिवळ्या पट्टीवर लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे. माणूस गाडीच्या पुस्तकातला आकडा बघतो, यंत्रावरचा बघतो, जुळवतो, भरतो. आपल्या गाडीचं पुस्तक सहसा ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या जुन्या पावत्यांखाली पडलेलं असतं, पण असतं. कित्येक गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही लिहिलेलं असतं. त्या रात्री मंडपातून उठून आम्ही खरंच खाली पार्किंगमध्ये गेलो, मोबाइलच्या उजेडात तीन गाड्यांची झाकणं उघडून बघितली. काकांच्या गाडीत ९१. माझ्यातही ९१. तरुणाच्या झाकणावर नुसतं "अनलेडेड". पुस्तक वर घरी होतं, त्यानं दुसऱ्या दिवशी कळवलं: किमान ९१, शिफारस ९५ ची. म्हणजे तीनपैकी दोघांना प्रश्नच नव्हता, आणि तिसऱ्याला हवा तो आकडा आता मंत्रालयाच्या म्हणण्याप्रमाणे साध्या नोझललाच आहे.

परवा वाशीहून येताना पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या मुलानं नोझलवर हात ठेवूनच विचारलं, "साधं की प्रीमियम?" म्हटलं, आज विचारूनच बघू. "प्रीमियमचं ऑक्टेन किती आहे रे?" त्यानं माझ्याकडे बघितलं, मग यंत्राकडे, आणि सवयीनं बोट दाखवून म्हणाला, "शून्य आहे साहेब, बघून घ्या."